तौ-तौच्या तांबड्या पेशी

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी तिळाच्या तेलातली कोंबडी खात होते. सकाळीही तीच खाल्ली होती आणि रात्रीही तीच मिळणार होती. बाळंतिणीला महिनाभर दुसरं काही द्यायचं नाही, असा सासूबाईंचा दंडक. आलं आणि तांदळाची दारू घालून त्या ती अशी शिजवायच्या की नुसत्या वाफेवर माझ्या बाळाला, तौ-तौला, गुंगी यावी.

"बाळाच्या टाचेतलं रक्त घेतलं होतं ना, त्याचा निकाल आलाय," पलीकडून नर्स म्हणाली. "बाकल्याचा आजार निघालाय. म्हणजे तसा आजार नाही म्हणा. जपायचं फक्त."

काय काय जपायचं ते तिने सांगितलं. बाकला, म्हणजे ते मोठे चपटे दाणे, खायचा नाही, आणि बाळ अंगावर पितंय तोवर आईनेही खायचा नाही. विचारल्याशिवाय कुठलं औषध द्यायचं नाही. जखमेला जांभळं औषध लावायचं नाही. आणि डांबराच्या गोळ्या. "घरात कपड्यांत ठेवल्या असतील तर आजच दूर करा. त्यांचा वाससुद्धा नको. त्यात ठेवलेले कपडे तर बाळाच्या अंगाला लावूच नका. बाळ पिवळं दिसलं, लघवी चहासारखी झाली, तर उचला आणि सरळ इकडे या."

मी शाळेत सातवीला जीवशास्त्र शिकवते. झोपेतून उठवलं तरी गोल काढून त्यात बरोबर मधोमध केंद्रक ठेवीन. हा आजारही मी कितीदा शिकवलाय, कारण आमच्या हक्का जमातीच्या लोकांत तो पुष्कळांना असतो. रक्तातल्या तांबड्या पेशीत एक एन्झाइम कमी असतं. ते पेशीला गंजू देत नाही. ते कमी पडलं की पेशी फुटते. समजलं? चला, पुढचा धडा.

आता तीच पेशी माझ्या मांडीवर झोपली होती. तिला दोन कान होते, आणि त्यातला डावा थेट माझ्या बाबांसारखा बाहेर आलेला होता.

सासूबाई अंगणातून आत आल्या. पंचांगातल्या नवव्या महिन्याचा कोरडा वारा सुटला होता, आणि तो सुटला की त्यांना दुसरं काही सुचत नाही. पर्सिमन, ती टोमॅटोएवढी केशरी फळं, सोलायचे, बांबूच्या परड्यांत मांडायचे, वाऱ्यात ठेवायचे, रोज एकेक फळ हातात घेऊन दाबायचं. रसाने त्यांचे हात कोपरापर्यंत तपकिरी झाले होते. त्या परड्यांच्या आसपास कोणी उदबत्ती लावायची नाही, मासळी साफ करायची नाही. सासऱ्यांनी सिगारेट ओढायची तर रस्त्यापलीकडे जाऊन. "सोललेलं फळ हवा पितं," असं त्या म्हणत. एकदा मी डोकं दुखतंय म्हणून कपाळाला बाम चोळून परड्यांजवळ गेले होते, तर मला गाई हाकलतात तसं हाकललं होतं.

"कोणाचा फोन?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं.

"बाकला!" त्या म्हणाल्या, आणि तशाच वळून स्वयंपाकघरात शिरल्या.

संध्याकाळपर्यंत घरात एक दाणा शिल्लक राहिला नाही. सासऱ्यांचा तळलेल्या बाकल्याचा पुडा गेला, ते ठीकच होतं. तो त्यांनी गमबुटात लपवला होता, तिथूनही निघाला. पण त्यामागोमाग टोफू गेला. लाल चवळी गेली, मूग गेले, सोया सॉसची बाटली गेली.

"आई, बाकीच्या दाण्यांनी काही होत नाही," मी म्हटलं. "फक्त बाकला."

"भाऊबंद ते भाऊबंदच. एक भाऊ चोर निघाला तर दुसऱ्याला घरात झोपायला घेशील?"

रात्री नवरा, मिंग-दे, कामावरून आला तर त्याचा कॉफीचा डबा रिकामा.

"आई, कॉफी ही दाण्यांच्या कुळातली नाही!"

"मग दिसते कशी तशी?"

तो रिकामा डबा हुंगत बसला. तो संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे. दिसण्यावरून कोणी काही ठरवतं याची त्याला सवय नाही.

शेवटी नावावर आलं. तौ-तौ म्हणजे दाणा. सोनोग्राफीत पहिल्यांदा दिसला तो एवढासा, वाकलेला, तेव्हा मिंग-देच्याच तोंडून ते निघालं आणि चिकटलं. सासूबाई पाळण्यापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आजपासून या नावाने हाक मारायची नाही. आजाराला घरबसल्या आमंत्रण! याचं नाव डुकरू." दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे असली नावं ठेवतातच, त्यामुळे मला बोलायला जागा उरली नाही. त्या खोलीतून गेल्या की मी त्याच्या बाहेर आलेल्या कानात हळूच म्हणायचे, तौ-तौ. तो जांभई द्यायचा.

एवढ्यावर भागलं असतं, पण त्यांनी विचारलं, "हे येतं कुठून?" आणि मी, शिक्षिका ना, खरं सांगून बसले. मुलाला हे आईकडून येतं.

"म्हणजे तुमच्याकडून," असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे माझ्या बाबांना फोन लावला. "व्याहीबुवा, आमच्या डुकराच्या रक्तात बिघाड आहे, आणि तो तुमच्या घरून आलाय म्हणे!"

माझे बाबा कशानेच दुखावत नाहीत. "अस्सं! म्हणजे तेच ते!" पलीकडून त्यांचा खूश झालेला आवाज मलाही ऐकू आला. "लहानपणी एकदा मी हळदीसारखा पिवळा झालो होतो, विहीणबाई. भुताने धरलं म्हणून आजीने मांत्रिक आणला. तो कोंबडी घेऊन गेला. आज कळलं, कोंबडी फुकट गेली!"

"हसतायत वर!" सासूबाईंनी फोन ठेवला.

बाकल्याचा बंदोबस्त झाला. राहिल्या डांबराच्या गोळ्या, आणि त्या होत्या एकाच ठिकाणी. सासूबाईंच्या खोलीत, कुलपाच्या लाकडी पेटीत.

त्या पेटीत एक छोटा कापूस भरलेला अंगरखा आहे. मिंग-देच्या पणजीने गावातल्या घरोघरी जाऊन एकेक चिंधी मागून आणली आणि शिवला. तेव्हापासून या घरात जन्मलेलं प्रत्येक मूल महिन्याचं झालं की तो घालतं. सगळे भाऊबंद जमतात, पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे मूल धरतात, मग जेवणं. सासूबाई या घरात आल्या तेव्हा पेटीची किल्ली त्यांच्या सासूच्या कमरेला होती. सासू गेली तेव्हा ती यांच्या कमरेला आली. चाळीस वर्षांत त्या चिंध्यांना कसर लागली नाही. कारण दरवर्षी त्या पेटीत मूठभर नव्या गोळ्या टाकतात. पेटीचं झाकण उघडलं की डोळ्यांतून पाणी येतं.

"आई, तो अंगरखा नको त्याला," मी म्हटलं.

"का? त्यात बाकला भरलाय?"

मला वाटलं, नीट शिकवलं तर कोणालाही समजतं. हे मी नव्या शिक्षकांना सांगत असते. दुसऱ्या दिवशी त्या परातीत तांदळाचं पीठ घेऊन बसल्या होत्या, तिथे मी जाऊन बसले. डोक्याला फडकं बांधलेलं, कारण महिनाभर केस धुवायचे नाहीत. अंगाला आल्याचा वास. असा अवतार माझ्या वर्गाने पाहिला असता तर पुन्हा मला कधी घाबरला नसता. मी पिठात बोटाने गोल काढला.

"ही पेशी. हे बाहेरचं पटल, म्हणजे कुंपण. आणि मधे हे केंद्रक. घरात कर्तं माणूस असतं ना, तसं. काय मोडलं, काय नवं करायचं, सगळं तेच ठरवतं."

"म्हणजे मी," सासूबाई म्हणाल्या.

"हो, तुम्ही. पण तांबडी पेशी मोठी झाली की हे केंद्रक बाहेर टाकून देते."

त्यांचा हात थांबला. "कर्त्या बाईला घराबाहेर काढते?"

चूक माझ्या लक्षात आली, पण उशीर झाला होता. "जागा करायला, आई. तिला अंगभर प्राणवायू पोचवायचा असतो. आत जितकी जागा, तितकं जास्त ओझं."

"आणि मग बिनडोक्याची ओझी वाहत फिरते?"

"चार महिने."

त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. सासरे एकावर एक तीन परड्या घेऊन अंगणात उगाचच गोल फिरत होते, कुठे ठेवायच्या ते विसरून. "त्यात काय एवढं," त्या म्हणाल्या. "हे चाळीस वर्षं फिरतायत."

"पण म्हणूनच तिला जपायचं ना! निघताना तिच्यात जेवढं एन्झाइम भरून दिलं तेवढंच. संपलं की नवं बनवायला आत कोणी नाही. तौ-तौच्या... डुकराच्या पेशींत ते आधीच कमी आहे. त्यात डांबराच्या गोळ्यांचा वास अंगात गेला की..."

"वासाने कोणी फुटतं का गं? मिंग-देने तोच घातला. त्याच्या बापानेही तोच घातला. फुटले?"

"त्यांच्यात ते एन्झाइम पुरेसं होतं."

"आमच्या घरचं होतं म्हणून." आणि त्यांनी परातीत पाणी ओतून माझी पेशी मळून टाकली. संध्याकाळी ती गोळे होऊन सूपमध्ये तरंगत आली.

त्या दिवसापासून मला एकच दिसू लागलं. भरलेली खोली, उदबत्त्या, हसणारे भाऊबंद, आणि माझ्या लेकराच्या गळ्याशी सासूबाई त्या अंगरख्याचे बंद बांधतायत. माझं दूध पिऊन तो झोपी गेला की मी त्याची पापणी हळूच वर करून डोळ्याचा पांढरा भाग बघायचे. पांढराच असायचा. तरी पुन्हा बघायचे.

"सरळ नाही म्हण," मी मिंग-देला सांगितलं. "तुझी आई आहे."

"म्हणूनच सरळ म्हणता येत नाही," तो म्हणाला. "त्यापेक्षा प्रक्रिया बदलू. अंगरखा आत्ता काढायचा, वाऱ्यात टांगायचा, त्या दिवसापर्यंत वास उडून जाईल, परत ठेवायचा. आईला कळणारही नाही."

"नर्स म्हणाली, तसले कपडे नकोच."

"वास राहिला तर मी स्वतः त्या अंगरख्यावर सूप सांडीन. शपथ."

सासूबाई बाजारात गेल्या तेव्हा त्याने उशीखालची किल्ली काढली. बाजाराच्या दिवशी ती तिथे असते हे त्याला पाचव्या वर्षापासून ठाऊक. लाल फडक्यात अंगरख्याऐवजी न्हाणीतला टॉवेल गुंडाळून ठेवला आणि अंगरखा वाळवणाच्या खोलीमागच्या भिंतीला टांगला, जिथे कोणी जात नाही. दोन दिवस छान वारा लागला. मी दुरून नाक वर करून बघायचे. मग पाऊस आला.

पाऊस आला की सासरे सगळ्या परड्या वाळवणाच्या खोलीत घेतात, दार लावतात आणि कोळशाची शेगडी पेटवतात. मिंग-दे पहाटे कामावर जाताना, अंगरखा भिजेल म्हणून तो उचलून आत घेऊन गेला आणि आढ्याला, जुन्या परड्यांच्या मागे अडकवून आला. तो मला फोनवर अभिमानाने म्हणाला, "शेगडीची ऊबही मिळेल. वास लवकर निघेल."

वास निघाला, यात शंका नाही.

पाऊस थांबल्यावर सकाळी सासूबाई फळं दाबायला गेल्या. मी तौ-तौला खांद्यावर टाकून ढेकर काढत होते. तेवढ्यात त्यांची हाक आली. माझं पूर्ण नाव, आडनावासकट: "फान वेई-रू!" मी त्याला सासऱ्यांच्या हातात दिलं आणि धावले. बाळंतिणीने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं होतं, डोक्यावरचं फडकं सुटलं होतं, वारा कानात शिरत होता, आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

त्यांनी माझ्या तोंडासमोर अर्धा खाल्लेला पर्सिमन धरला. "वास घे."

वास घ्यायची गरज नव्हती. डांबर. केशरी, मऊ, मधासारख्या पर्सिमनमधून शुद्ध डांबर.

"म्हाताऱ्याने केसांना काही लावलंय का?" त्या गरगर फिरत बोलत होत्या. "नाही. शेजारच्या लोकांनी काही जाळलं? नाही. मग हा वास..." आणि त्यांचं नाक वर गेलं. नाकामागोमाग डोळे गेले. आढ्याला, जुन्या परड्यांमागून, चाळीस वर्षं जपलेली एक बाही बाहेर लोंबत होती.

मला वाटलं, आता छप्पर उडणार. मी म्हटलं, "आई, मिंग-देने... म्हणजे मीही..."

"थांब." त्या परड्यांमधून चालत खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या. तिथलं एक फळ उचललं, चावलं, थुंकलं. परत मधल्या परडीतलं. थुंकलं. मग त्या अंगरख्याखाली येऊन उभ्या राहिल्या आणि त्या टोकाकडे बघत राहिल्या, डोळ्यांनी अंतर मोजल्यासारख्या.

"एकाही फळाला शिवलेला नाही हा," त्या म्हणाल्या.

"नाही."

"तिथपर्यंत गेलं. न शिवता."

"हो, आई. ऊब मिळाली की गोळीची हवा होते. ती हवा सगळीकडे जाते."

त्या पालथ्या खोक्यावर बसल्या. स्वतःचे तपकिरी हात त्यांनी उलटसुलट करून बघितले. "तू त्या दिवशी पिठात काढलंस ते," त्या म्हणाल्या. "त्या पेशी. सोललेल्या असतात म्हणालीस ना?"

मी असं म्हणाले नव्हते. केंद्रक नसतं म्हणाले होते. साल, म्हणजे पटल, चांगलं शाबूत असतं, आणि या दोन गोष्टींत गल्लत करणाऱ्या मुलाचा मी अर्धा गुण कापते. शिक्षिकेची जीभ अगदी दातांपर्यंत आली.

"हो," मी म्हटलं. "सोललेल्या."

"नवी साल येत नाही त्यांना."

"नाही येत."

"बाईच नाही घरात," त्या पुटपुटल्या. "कोण आणणार?"

मग त्यांनी जे म्हटलं ते माझ्याकडे न बघता म्हटलं. "चाळीस वर्षं एक कसर शिरू दिली नाही मी त्या पेटीत. सासूबाईंनी जाताना बाकी काही सांगितलं नाही, फक्त किल्ली दिली. आणि मी त्याला त्यात गुंडाळणार होते गं. सगळ्यांसमोर. हसत हसत."

मी त्यांच्याशेजारी खोक्यावर बसले. खोकं लहान होतं. आम्ही दोघी एकमेकींना धरूनच बसू शकत होतो.

"फडकं बांध डोक्याला," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "म्हातारपणी डोकं दुखेल आणि मला शिव्या देशील."

मिंग-दे रात्री घरी आला तेव्हा त्याच्या हातात फावडं दिलं. वाया गेलेले सगळे पर्सिमन त्याने ओढ्याकाठी पुरले, कोंबड्या उकरणार नाहीत एवढे खोल, आणि सासूबाई पुन्हा लागलेल्या पावसात छत्री घेऊन वर उभ्या राहून खड्ड्याची खोली तपासत होत्या. "प्रक्रिया!" त्या अधूनमधून म्हणत. "चांगली प्रक्रिया केलीस!"

अंगरखा पेटीत परत गेला आणि पेटी अंगणापलीकडच्या अवजारांच्या खोपटात.

महिन्याच्या दिवशी सकाळी त्यांनी बाळाला बाजारातून आणलेला, धुतलेला, दोनदा उकळलेला नवा सूट घातला आणि देव्हाऱ्यापुढे गेल्या. पूर्वजांना मोठ्याने सांगितलं की असं असं आहे, यावेळी अंगरखा नाही, तुमची परवानगी असावी. मग लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकल्या. एक उलटी, एक सुलटी पडली तर होकार. दोन्ही पालथ्या पडल्या.

पुन्हा टाकल्या. पुन्हा पालथ्या.

सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "तुमच्या अंगात आता रक्तच नाही," त्या देव्हाऱ्याला म्हणाल्या, "तुम्हाला काय कळणार त्यातलं!"

तिसऱ्या वेळी होकार आला. सासरे मागे उभे होते. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पूर्वजांचं आणि आपलं दुःख एकच आहे, हे त्यांना फार वर्षांनी कळल्यासारखं दिसलं.

मला वाटलं, संपलं. तेवढ्यात फाटकाशी पहिल्या पाहुण्या आल्या, सासऱ्यांची बहीण. त्या आठवड्यातच थंडी पडली होती. आत्याबाईंनी चांगला, जाड, लोकरीचा कोट घातला होता, वर्षभर पेटीत जपलेला. त्या हात पसरून बाळाकडे निघाल्या. सासूबाई मधे आल्या, आत्याबाईंच्या खांद्यापाशी नाक नेलं आणि मागे सरकल्या.

"काढ."

"काय?"

"कोट काढ. डांबर आहे."

"अगं वहिनी, वारा बघ!"

"वाराच हवाय. तिकडे टांग."

मग मी बघत राहिले. गावातली प्रत्येक बाई, प्रत्येक काका, नीट घडी उलगडलेला, वासाने दरवळणारा हिवाळी कोट घालून येत होता, आणि फाटकाशी सासूबाई एकेकाला हुंगत होत्या. या भागात थंडीच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या अंगाला हाच वास येतो. मी त्यातच वाढले, म्हणून मलाही सुचलं नव्हतं. पर्सिमनच्या रिकाम्या मांडणीवर कोट टांगले जात होते. बाह्या वाऱ्यात हलत होत्या. लांबून वाटावं, जेवायला आलेले लोक तिथेच रांगेत उभे आहेत. आणि टेबलांवर बसलेले खरे लोक सासऱ्यांची कामाची जाकिटं, रेनकोट, स्वयंपाकाचे एप्रन, रजया, जे मिळेल ते पांघरून गरम सूपच्या वाटीवर हात शेकत होते. सासऱ्यांनी त्यांना आपल्या हाताने दारू वाढली. त्यांच्या चेहऱ्यावर मी लग्नानंतर पहिल्यांदा इतकं समाधान पाहिलं.

शेवटी थोरले काका आले. घराण्यात सर्वांत वडील, नव्वदीचे, काठी टेकत. त्यांचा काळा कोट घोट्यापर्यंत. तो ते मयताला आणि बाळाच्या महिन्यालाच बाहेर काढतात. त्यांना कोणी काही सांगत नाही. ते सांगतात.

"मूल आणा," ते म्हणाले. "अंगरखा कुठाय? आणि ही माणसं कोळ्यांसारखी रेनकोटात का बसलीयत?"

अंगणभर हातातल्या वाट्या खाली ठेवल्या गेल्या. मी तौ-तौला घट्ट धरलं. मिंग-देने सूपचं भांडं उचललं. त्याची शपथ मला आठवली.

"काका," सासूबाई म्हणाल्या, "अंगरखा नाही. आणि तुमचाही कोट काढा."

"काय म्हणालीस?"

सासूबाईंनी टेबलावरच्या ताटलीतून गेल्या वर्षीचा एक चांगला वाळलेला पर्सिमन उचलला आणि त्यांच्या नाकासमोर धरला.

"ही तांबडी पेशी. रक्तात असते. तुमच्याही आहे. ही मोठी झाली की काय करते? आपलं डोकं काढून फेकून देते. का? ओझं वाहायला जागा हवी म्हणून. घरात कर्ती बाई उरत नाही. सोललेली. चार महिने राबते, कोणाला तक्रार करत नाही. निघताना तिला एक बुधली तेल दिलेलं असतं, गंज लागू नये म्हणून. तुमच्या पेशीकडे बुधली भरलेली आहे. आमच्या डुकराच्या पेशीकडे तळाशी थेंबभर. तुमच्या कोटाचा वास आला की तो थेंब खर्च होतो. संपला की फट्!" त्यांनी बोटं उघडली. "पेशी फुटते. एक फुटली की शेजारची. पोर पिवळं पडतं. चाळीस वर्षं मला माहीत नव्हतं, आता आहे. काढा."

त्यात एक फुटली की शेजारची, हे काही खरं नव्हतं. पण माझ्या वर्गात इतकी शांतता मी कधी ऐकलेली नाही. मागे आत्याबाई एप्रनखाली स्वतःचं मनगट दाबून बघत होत्या.

थोरल्या काकांनी विचार केला. "मी थंडीने मेलो तर?"

"तुमच्याकडे तेल आहे, काका."

"मला नव्वदावं चालू आहे."

"मग काय, बुधली मोठीच आहे."

त्यांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. मग त्यांनी एकेक बटण सोडलं, इतक्या सावकाश की मला वाटलं राग आलाय. राग नव्हता. कोटाच्या आत त्यांनी नातसुनेचा गुलाबी स्वेटर घातला होता, छातीवर मोठमोठी फुलं विणलेला. म्हणूनच ते कोट काढत नव्हते. कोणी हसलं नाही. आत्याबाईंनी एप्रन तोंडात कोंबला, पण आवाज येऊ दिला नाही.

"द्या इकडे," ते खेकसले.

मी तौ-तौला त्यांच्या हातात दिलं. तो त्या लोकरीच्या फुलांत नाक खुपसून लगेच शांत झाला. थोरले काका त्याच्याकडे वाकून बघत होते, जणू कातडीच्या आतून कोण धावतंय ते दिसेल. "चार महिने," ते पुटपुटले. "आणि मग?"

"मग नव्या येतात, काका," मी म्हटलं. "रोज. हाडांच्या आत बनतात."

"माझ्याही?"

"तुमच्याही."

हे ऐकून त्यांनी मान डोलावली आणि कोंबडी मागितली, मांडीचा तुकडा.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. तैपेईहून मिंग-देची मावशी उतरली, गळ्यापासून पोटऱ्यांपर्यंत लोकरीत गुंडाळलेली. "कुठाय माझं सोनं!" असं ओरडत ती हात पसरून धावत निघाली, आणि तिच्यापेक्षा वेगाने, सूपचा डाव हातात तसाच घेऊन, सासूबाई फाटकाकडे निघाल्या.